वाचकांचे प्रश्न : भक्ती कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते?

प्रार्थनेच्या निरनिराळ्या पद्धतींविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न दोन वेळा ठरून मोडले. एका प्रार्थनासभेत एका गृहस्थांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, की माझ्या सासरच्या चौथ्या पिढीतील कोणा पूर्वजाच्या पापाचा शाप घराण्याला भोवतो आहे. त्यांनी पूर्वजांच्या नावांचा तक्ता करायला लावला, आत्महत्या, दारू किंवा गर्भपात यांच्याशी संबंध आलेल्या नावांभोवती लाल शाईने गोल काढायला सांगितले आणि प्रत्येक गोलामागे एक मिस्सा (चर्चमधील ख्रिस्तयागाची उपासना) अर्पण करायला सांगितले. या नावांवरून दीर आणि नणंदांशी अबोला झाला आहे. त्या गृहस्थांनी एक पैसाही घेतलेला नाही, त्यामुळे शंका घ्यायला मन धजत नाही. (वसई तालुका)

उत्तर : तो तक्ता पूर्ण करू नका. पैसे न घेणे चांगलेच, परंतु त्यामुळे सांगितलेली शिकवण खरी ठरत नाही, आणि ही शिकवण कॅथोलिक ख्रिस्तसभेची नाही. तिचा आजचा प्रसार मुख्यतः केनेथ मॅक्‌ऑल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांच्या १९८२ सालच्या पुस्तकापासून सुरू झाला. ते अँग्लिकन पंथाचे होते, कॅथोलिक नव्हे. पुढे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या काही करिश्मॅटिक प्रार्थनागटांमधून ती कल्पना कॅथोलिकांमध्ये शिरली. पोलंडच्या बिशपांनी २०१५ मध्ये आणि स्पेनच्या बिशपांच्या श्रद्धाविषयक आयोगाने २०२४ मध्ये अशा ‘पिढ्यांच्या शुद्धी’च्या प्रार्थनांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. आपल्याकडे ती चटकन रुजते याचे एक कारण उघड आहे. पितृदोषाची धास्ती आपल्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहे, आणि तीच धास्ती बायबलच्या शब्दांत सांगितली की आपल्या लोकांना ती परकी वाटत नाही.

असे सांगणारे लोक बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील ‘तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत’ हे शब्द हमखास पुढे करतात, मात्र लगेच पुढच्या वचनात हजारो पिढ्यांवर दया करण्याचे जे अभिवचन आहे, तिथपर्यंत ते क्वचितच पोहोचतात. यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय तर जवळजवळ आपल्या पत्राचे उत्तर म्हणूनच वाचता येईल. आईबापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात कोणी उच्चारायची नाही, असे परमेश्वर तेथे बजावतो आणि ज्याचे पाप त्यालाच त्याचा जाब द्यावा लागेल असे सांगतो. जन्मांधाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. आदाम-हव्वेपासून चालत आलेले आदिपाप आपल्याकडे येते हे खरे, पण ते पूर्वजांच्या वैयक्तिक अपराधांचे कर्ज नव्हे, असे श्रद्धाग्रंथ (कॅथोलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ) शिकवतो, आणि स्नानसंस्काराने, म्हणजे बाप्तिस्म्याने, सर्व पापांची क्षमा होते. आपल्या मुलीचा स्नानसंस्कार झालेला असताना खापरपणजोबांच्या पापाची बाकी तिच्या नावावर उरते असे म्हणणे म्हणजे तो संस्कार अपुरा पडला असे म्हणणे होय.

घराण्यातून काहीच खाली येत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. दारूड्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलांच्या मनावर ओरखडे राहतात, मारहाणीची सवय लागते, काही आजार रक्तातून येतात. यासाठी समुपदेशक आहेत, डॉक्टर आहेत, व्यसनमुक्तीचे गट आहेत, आणि या सगळ्यांच्या सोबतीला प्रार्थनाही आहे. मृतांसाठी मिस्सा अवश्य अर्पण करा. बायबलमधील मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथापासून २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापर्यंत ही आपली जुनी आणि पवित्र प्रथा आहे. फरक हेतूत आहे. ती मिस्सा त्यांना देवाच्या सान्निध्यात विसावा मिळावा म्हणून अर्पण करायची असते, त्यांनी आपल्या मुलीची वाट सोडावी म्हणून नव्हे. आणि एक व्यवहाराची गोष्ट : लग्न का मोडले, हे दोन्ही वेळा त्या-त्या घरी सरळ विचारले गेले होते का? कारण बहुधा तक्त्यातल्या नावांपेक्षा पुष्कळ साधे निघेल. दीर-नणंदांकडे तर आपण आधी जावे, असे मला वाटते. या सगळ्या प्रकरणात घराण्याची खरी हानी कुठे झाली असेल तर ती तिथे.

प्रश्न : चर्चच्या बाकावर मला संत ज्यूड यांच्या नोव्हेनाची (नऊ दिवसांच्या प्रार्थनेची) झेरॉक्स मिळाली. नऊ दिवस रोज नऊ प्रती चर्चमध्ये ठेवाव्यात, नवव्या दिवशी मागणे पूर्ण होते, आणि साखळी तोडणाऱ्यावर संकट येते, असे तीत लिहिले आहे. आता तीच प्रार्थना व्हॉट्सॲपवरही येते. फाडून टाकली तर पाप लागेल का? (मुंबई)

उत्तर : पाप लागणार नाही. प्रार्थनेचा मजकूर चांगला असेल तर तेवढा म्हणा, खालच्या अटी आणि धमकी सोडून द्या. प्रार्थनेचे किंवा संस्कारचिन्हांचे सामर्थ्य केवळ बाह्य कृतीत आहे असे मानणे, ती करणाऱ्याची मनोवृत्ती कशी आहे याची फिकीर न करणे, याला श्रद्धाग्रंथ अंधश्रद्धा म्हणतो (परिच्छेद २१११). अंधश्रद्धा म्हणजे फक्त शेजाऱ्यांच्या घरी असते ती, असा आपल्यातील पुष्कळांचा समज आहे, म्हणून हा परिच्छेद मी मुद्दाम सांगतो.

नोव्हेना स्वतः दोषी नाही. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र मरिया आणि शिष्य पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, एकत्र प्रार्थना करीत राहिले, त्या प्रतीक्षेची ती आठवण आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला येणारी माणसे, किंवा वांद्र्याच्या जत्रेत मेणाचा हात, पाय, नाहीतर छोटेसे घर विकत घेऊन मोत माउलीपुढे (तेथील पवित्र मरियेपुढे) ठेवणारी आई, यांना हसण्याचे कारण नाही. ती आई आपले दुखणे किंवा आपली गरज माउलीपुढे ठेवते. मेणाचे घर वाहिले म्हणजे फ्लॅटचा ताबा मिळालाच पाहिजे, असे ती म्हणू लागली तर मात्र गोष्ट बदलते. मागण्यापूर्वीच पित्याला आपली गरज ठाऊक असते, असे प्रभू सांगतो, तेव्हा झेरॉक्सच्या संख्येवर त्याचा कान वळत असेल, हे संभवत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. रोज प्राणायाम करतो आणि त्यानंतर अर्धा तास शांत बसतो. मनाला विलक्षण शांती मिळते. एका ओळखीच्या व्यक्तीने हे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य आहे असे सांगितले. (नाशिक)

उत्तर : सरसकट वर्ज्य नाही. ख्रिस्ती ध्यानाविषयी १५ ऑक्टोबर १९८९ रोजी कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या स्वाक्षरीने व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने बिशपांना जे पत्र लिहिले, त्यात इतर धर्मपरंपरांतील पद्धती केवळ परक्या म्हणून झिडकारू नयेत, प्रार्थनेची ख्रिस्ती कल्पना झाकोळणार नाही अशा बेताने त्यांतील उपयुक्त ते घ्यावे, असे म्हटले आहे. ताठ बसणे आणि श्वास संथ करणे यांनी शरीर प्रार्थनेला तयार होते. त्याच पत्राचा इशारा मात्र आपल्या ‘विलक्षण शांती’ला लागू पडतो. काही व्यायामांनी शांततेची, उबेची, प्रकाशाची सुखद जाणीव आपोआप निर्माण होते, आणि तिलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही आध्यात्मिक वाटेवरची चूक ठरते. त्या अर्ध्या तासात आपण कोणाशी बोलता, हे पाहा. येशूशी, पित्याशी संवाद होत असेल तर प्राणायामाने आपली सेवाच केली. कोणीच समोर नसेल आणि केवळ स्वतःची निश्चलता अनुभवली जात असेल, तर ती विश्रांती आहे. विश्रांतीही चांगलीच, पण तिला प्रार्थना म्हणू नये. उलट कलकत्त्याच्या संत तेरेसा यांनी अनेक वर्षे आतून कोरडा काळोख सोसला, हे त्यांच्या पत्रांवरून जगाला कळले. त्या काळात त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि गरिबांची सेवाही.

या संदर्भात लोणावळ्याच्या ‘साधना’ केंद्रामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले जेझुइट (येशूसंघ या धर्मसंघाचे) धर्मगुरू अँथनी डिमेलो यांचे नाव हमखास निघते. त्यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाविषयी सूचनापत्र काढले. पौर्वात्य ज्ञानाचा काही लाभ त्यात मान्य केला आहे, मात्र त्यांच्या लेखनातून, विशेषतः उत्तरोत्तर, देव निराकार आणि व्यक्तित्वहीन होत जातो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक उरतो, हा आक्षेपही त्यात आहे. एकाच माणसाच्या लेखनातील काही स्वीकारणे आणि काही बाजूला ठेवणे ही रीत मला उपयोगाची वाटते. आपल्या ओळखीच्या व्यक्तीने एकदम दार लावून घेतले, तसे तेथे केलेले नाही.

प्रश्न : आमच्या गटातील एका भगिनीला पवित्र मरियेचे संदेश येतात. ते लिहून आम्हाला वाटले जातात, पण ‘फादरांना अजून सांगू नका’ असे संदेशातच असते. (पालघर जिल्हा)

उत्तर : शेवटचे वाक्य पुरेसे आहे. आत्म्यांच्या पारखीविषयी, म्हणजे मनातील प्रेरणा देवाकडून की सैतानाकडून हे ओळखण्याविषयी, लिहिताना जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस म्हणतात, की सैतान गुप्ततेची मागणी करणाऱ्या खोट्या प्रियकरासारखा वागतो, आणि अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शकाला सर्व काही सांगितले की त्याचा डाव कोसळतो. त्या भगिनी खोटे बोलतात असा माझा आरोप नाही. पोलंडच्या धर्मभगिनी संत फॉस्टिना यांच्या येशूदर्शनाच्या अनुभवांवर आधारलेल्या दैवी करुणेच्या लिखाणावर १९५९ पासून १९७८ पर्यंत व्हॅटिकनची बंदी होती, तरीही २००० साली त्या संत घोषित झाल्या. खरे असेल ते तपासणीने मरत नाही. मे २०२४ पासून लागू असलेल्या नव्या नियमांनुसार अशा घटनांची चौकशी बिशप व्हॅटिकनशी विचारविनिमय करून करतात, आणि अनुकूल निर्णयसुद्धा सहसा ‘हे अलौकिक आहे’ असे न म्हणता केवळ ‘हरकत नाही’ असा असतो. म्हणून आलेले सर्व संदेश तारखांसह आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांकडे सुपूर्द करा आणि बिशपांचे उत्तर येईपर्यंत त्यांच्या प्रती काढणे, ते पुढे पाठवणे पूर्णपणे थांबवा.