पहिलं मिनिट पोहायचं नसतं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

टँकमध्ये न थांबता दोन किलोमीटर झाले, आता तळ्यात आणि मग समुद्रात उतरणार, हे वाचून फार आनंद झाला. रात्री झोप मात्र नीट लागली नाही. तुझ्या पत्रात अंतर होतं, वेळ होती. पाणी किती गार असेल, सोबत कोण असेल आणि बाहेर कुठून येशील, यातलं काहीच नव्हतं.

‘पट्टीचे पोहणारेच बुडतात’ असं आपण सहज बोलून जातो. मॅथ्यू वेबने १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. पावणेबावीस तास तो पाण्यात होता. तोच वेब १८८३ मध्ये नायगारा धबधब्याखालचा खवळलेला प्रवाह पोहून जायला उतरला आणि तिथेच गेला. त्याच्या पोहण्यात काही कमी नव्हतं. ते पाणी पोहण्याजोगं नव्हतं. पाण्यात न उतरता परत फिरणं हेही शिकावं लागतं, आणि ते मी तुला टँकमध्ये कधी शिकवू शकलो नाही.

आता गार पाण्याचं सांगतो, कारण तू तळ्यापासून सुरुवात करते आहेस. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर अंगाला लागताच मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो. मग धाप लागते, छाती धडधडते, श्वासावर ताबा राहत नाही. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला, तर तुझ्या दोन किलोमीटरचा काही उपयोग नाही. हा झटका एक ते तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ पोहायचंच नाही. म्हणून गार पाण्यात सूर मारू नकोस. हळूहळू उतर, चेहऱ्यावर, मानेवर पाणी घे. मग उताणी हो. कान पाण्यात बुडू दे, हनुवटी वर ठेव, हात हलके हलवत राहा आणि फुंकर घातल्यासारखा लांब श्वास सोड. एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं की पोहायला लाग. कधी चुकून पाण्यात पडलीस तरी हेच कर. पायात गोळा आला, नाकातोंडात पाणी गेलं, भीती दाटली, तरी आधी उताणी हो. टँकमध्ये रोज पाच मिनिटं तरंगायला लावायचो तेव्हा तू वैतागायचीस. त्यामागे हेच होतं.

पुढे हाताची बोटं जुळेनाशी झाली की लगेच काठ धर, अंतर कितीही उरलेलं असो. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. म्हणून ओलं काढून आधी कोरडं घाल, टोपी घाल, काहीतरी गरम पी. गप्पा नंतर.

समुद्राची गोष्ट वेगळी. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जातंच, आणि बरेचदा ते एका अरुंद पट्ट्यातून जातं. तो पट्टा वरून शांत दिसतो. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मध्ये गर्द, सपाट पाणी. नवख्याला तीच जागा उतरायला बरी वाटते. या ओढीचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. तेवढा वेग ऑलिम्पिकमधले पोहणारे शंभर मीटरपुरता टिकवतात. विशीत मी अशाच ओढीत सापडलो आणि सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिलो. किनाऱ्यावरचं एक झाड हेरून ठेवलं होतं. ते जवळ येईना. दम संपला म्हणून उताणा झालो, आणि त्यामुळे वाचलो. ओढ खाली खेचत नाही, आत नेते. तरंगत राहा, हात वर करून मदत माग आणि अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोह. लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर तिरकी बाहेर ये. जीवरक्षक असतील त्याच किनाऱ्यावर जा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागावर त्यांची नजर असते, तिथेच उतर. नुसता लाल झेंडा दिसला तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही.

एकटी कधीही जाऊ नकोस. पण नुसती सोबत पुरत नाही. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे दहा किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत अमेरिकेचा फ्रान क्रिपेन बुडाला. २६ वर्षांचा, जगातल्या उत्तम पोहणाऱ्यांपैकी एक. पाणी गार नव्हतं, उलट फार गरम होतं. स्पर्धा होती, आयोजक होते, तरी तो पाण्याखाली गेलेला कुणाला दिसला नाही. शर्यत संपली तरी तो आलाच नाही, हे सोबत्यांच्या ध्यानात आलं तेव्हा शोध सुरू झाला. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. श्वासच पुरत नसतो, तर आवाज कुठून निघणार? मिनिटभरातही सगळं आटोपू शकतं. म्हणून काठावर असं कुणीतरी हवं जे तुलाच बघत असेल, मोबाइल नाही. टोपी भडक नारिंगी किंवा गुलाबी घे. निळी पाण्यात दिसत नाही. कमरेला फ्लोट, म्हणजे मागे तरंगत येणारा हवेचा फुगा, बांध. आणि दुसरं कुणी बुडत असेल तर झेप घेऊ नकोस. दोर, काठी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते टाक आणि ओरडून माणसं जमव.

ढग गडगडले की बाहेर. पाण्याखाली जास्त वेळ राहायच्या पैजा नकोत. आधी भराभर श्वास घेऊन मग दम कोंडला तर काही कळायच्या आत शुद्ध हरपते.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी लिहून पाठव: पाण्याचं तापमान, बाहेर यायच्या दोन जागा, आणि काठावर कोण असेल त्याचं नाव. अंतर नंतर बघू.

तुझे,
सर