रोममध्ये गाईडसोबत सकाळची सेगवे टूर (सेगवे म्हणजे उभं राहून चालवायची दोन चाकांची विजेवरची गाडी) घ्यावी का? आधी कधी चालवलेली नाही आणि सोबत साठीतली आई आहे.

घ्या. पण रोमच्या मुक्कामातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या सकाळी घ्या, शेवटच्या दिवसावर ढकलू नका. आणि आईचं ठरवताना वयाआधी वजन बघा.

लवकर घ्या म्हणते, कारण माझ्या मते या टूरचा खरा फायदा तिथेच आहे. "तीन तासांत सगळी ठिकाणं होतात" असं सांगून ती विकली जाते, पण ठिकाणं अशी होत नाहीत. तुम्ही आत कुठेच जात नाही, कोलोसियमही बाहेरूनच बघता. सेगवेवरून कळते ती रोमची जमीन, आणि एकदा ती कळली की पुढचे सगळे दिवस सोपे जातात.

नकाशावर रोम सपाट दिसतं. प्रत्यक्षात ते टेकड्या आणि त्यांच्यामधल्या खोलगट जागा यांचं शहर आहे, आणि जुन्या इतिहासातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट जिथे आहे तिथे असण्याचं कारण ही उंचसखल जमीनच आहे. सम्राटांचे राजवाडे पॅलाटाइन टेकडीवर. तिच्या पायथ्याच्या दलदलीतलं पाणी गटार खणून काढलं, तेव्हा कुठे तिथे फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, उभं राहिलं. पॅलाटाइन आणि ॲव्हेंटाइन या दोन टेकड्यांमध्ये लांबट दरी होती, म्हणून रथांच्या शर्यतींचं सर्कस मॅक्सिमस तिथे. नदीकाठच्या सपाटीवर गुरांचा बाजार. बस किंवा मेट्रोतून यातलं काही जाणवत नाही. पायी जाणवतं, पण तिसऱ्या चढापर्यंत आपण दमलेलो असतो आणि लक्ष फक्त सावली कुठे आहे याकडे लागतं. सेगवेवर तुम्ही उभे असता, जमिनीपासून वीतभर वर. चढ आला की अंग जरा जास्त पुढे झुकवावं लागतं, उतारावर मागे रेलावं लागतं. म्हणजे चढउतार अंगाला कळतो, पण दमवत नाही.

आता यंत्राबद्दल, कारण भीती त्याचीच असणार. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी डिसेंबर २००१ मध्ये हे लोकांसमोर आणलं. पाय ठेवायच्या फळीखाली जायरोस्कोप (कलणं ओळखणारं उपकरण) आणि झुकाव मोजणारे सेन्सर असतात. तुम्ही पुढे झुकलात की मोटर चाकांना पुढे पळवून तुमचा तोल सावरते, मागे झुकलात की वेग कमी होतो. ॲक्सिलरेटर नाही, ब्रेक नाही. वळायचं असेल त्या बाजूला हँडल कलवायचं. कमाल वेग ताशी २० किलोमीटर असला तरी नवख्यांसाठी वेग अर्ध्यावर आणायची सोय त्यात आहे. सुरुवातीला तीच चालू ठेवायला सांगा, संकोच करू नका.

बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटांत जमतं. अडचण येते ती यंत्रावर चढताना आणि त्यावरून उतरताना. चढताना लोक हँडलला लोंबकळतात, त्यामुळे ते मागे ओढलं जातं आणि यंत्र अंगावर येतं. हँडल नुसतं हलक्या हाताने धरायचं असतं, भार सगळा तळपायांवर. एक पाय ठेवा, मग न घाबरता लगेच दुसरा. एक पाय फळीवर आणि एक जमिनीवर अशा अवस्थेत रेंगाळलात की यंत्र पुढेमागे डुलायला लागतं. उतरताना पूर्ण थांबा, एक पाय मागे जमिनीवर टेका, मग दुसरा, आणि दोन्ही पाय खाली आल्यावरच हँडल सोडा. पुढे उडी मारून कधीही उतरू नका, चाक पोटरीवर येतं. नजर समोर, दहा-पंधरा पावलांवर. चाकाकडे बघत राहिलात तर डोकं खाली जातं, डोक्यामागून खांदे, आणि मग यंत्र आपोआप वेग घेतं.

मला सर्वांत मोलाची वाटलेली सूचना गुडघ्यांबद्दलची होती. रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या बेसाल्टचे छोटे चौकोनी दगड बसवलेले आहेत. त्यांच्यात फटी आहेत, कुठे खळगे आहेत. गुडघे ताठ ठेवले तर प्रत्येक हादरा कमरेपर्यंत पोचतो. किंचित वाकवले तर गुडघेच तो जिरवतात. सर्कस मॅक्सिमस आणि कोलोसियमजवळ ट्रामचे रूळही आहेत, ते काटकोनातच ओलांडा. तिरके गेलात तर चाक खाचेत अडकू शकतं. पाऊस पडून गेला असेल तर हे दगड भयंकर निसरडे होतात. बुकिंग करतानाच विचारा की पाऊस आला तर तारीख बदलून देतात का.

आता आईबद्दल. सेगवेसाठी चालवणाऱ्याचं वजन साधारण ४५ ते ११८ किलोच्या दरम्यान असावं लागतं. वरची मर्यादा सगळे वाचतात, खालचीकडे लक्ष जात नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी बारीक अंगाच्या आयांचं वजन नेमकं पंचेचाळीसच्या आसपास असतं. ही मर्यादा उगाच घातलेली नाही. हे यंत्र स्वतःच ४७ किलोच्या घरातलं आहे. माणूस फार हलका असेल तर तो मागे झुकूनही तोलात पुरेसा फरक पडत नाही, आणि उतारावर थांबणं कठीण होतं. तेव्हा आईंचं वजन मर्यादेला टेकलेलं असेल तर "चालतं हो" म्हणून पुढे जाऊ नका.

वजन बसत असेल तर मग प्रकृती. चक्कर येण्याचा त्रास, हाडं ठिसूळ झालेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तोल जाण्याची भीती, यातलं काहीही असेल तर नको. नुसतं साठीतलं वय ही अडचण नाही. उलट माझं निरीक्षण असं की मोठ्या वयाची माणसं गाईडचं नीट ऐकतात आणि बरी चालवतात, तरुण मुलं पहिल्या पाच मिनिटांतच शर्यत लावतात. फक्त एक लक्षात घ्या: दोन-तीन तास जवळजवळ एकाच जागी उभं राहायचं असतं. तळपाय आणि पोटऱ्या भरून येतात. ज्यांना देवदर्शनाच्या रांगेत तासभर उभं राहवत नाही, त्यांना हेही झेपणार नाही.

आईंना नकोच वाटलं तर रोममध्ये गोल्फ कार्टमधून फिरवणाऱ्या टूरही आहेत. बसून जायचं, चालवायला दुसरं कोणीतरी. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून कार्टच घ्या, असं माझं मत. आईंना हॉटेलवर ठेवून तुम्ही सेगवेवर, असं करू नका. जमीन कार्टमधूनही बरीच कळते.

सकाळच का, तर उन्हाळ्यात रोममध्ये दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास जातो आणि हेल्मेट घालून उभं राहणं नकोसं होतं. पहिली बॅच घ्या. गर्दीही कमी असते, आणि तुमचं शिकणं अनोळखी लोकांच्या घोळक्यात होत नाही.

मार्ग प्रत्येक टूरचा वेगळा असतो. निवडताना मी एकच गोष्ट बघेन: त्यात ॲव्हेंटाइन टेकडी आहे की नाही. नसेल तर दुसरी टूर शोधा. सर्कस मॅक्सिमस आज गवताचा लांबलचक खोलगट पट्टा आहे, सहाशे मीटरच्या आसपास. नुसतं बघायला गेलात तर "एवढंच?" असं वाटेल. पण त्याच्या काठाने ॲव्हेंटाइनवर चढायला लागलात की पलीकडे पॅलाटाइनवरच्या राजवाड्यांच्या विटांच्या कमानी दिसायला लागतात, आणि एका टेकडीवर सम्राट, समोरच्या उतारावर लोक, मध्ये धावणारे रथ, अशी सगळी मांडणी एका नजरेत येते. याच उतारावर महापालिकेची गुलाबाची बाग आहे. मे महिन्यात जात असाल तर ती फुललेली असते. ही जागा पूर्वी ज्यू लोकांची दफनभूमी होती. त्याची आठवण म्हणून बागेतल्या वाटा ज्यूंच्या सात फाट्यांच्या दीपदानाच्या आकारात आखल्या आहेत.

वर संत्र्यांच्या झाडांची बाग आहे आणि तिच्या कठड्यावरून टायबर नदी आणि पलीकडे सेंट पीटर्स चर्चचा घुमट दिसतो. इथे सकाळचा खास फायदा आहे. सूर्य पाठीमागे असतो आणि घुमटावर थेट उजेड पडतो. संध्याकाळी त्याच जागी सूर्य समोर येतो आणि घुमटाची नुसती काळी आकृती उरते. शेजारीच पाचव्या शतकातलं सांता सबिना चर्च आहे. गाईड थांबायला तयार असेल तर त्याचा कोरीव लाकडी दरवाजा बघून घ्या, तोही त्याच काळातला आहे. थोडं पुढे माल्टाच्या सरदारांच्या (एका जुन्या ख्रिस्ती संघाच्या) मठाचं फाटक. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला की बागेतल्या झाडांच्या बोगद्याच्या टोकाला तोच घुमट बरोबर मध्यभागी दिसतो. इथे दिवस वर आला की रांग लागते, सकाळी लवकर बहुधा नसते.

खाली उतरलं की नदीकाठी हर्क्युलिसचं गोल देऊळ आणि पोर्तुनुस या बंदरांच्या देवाचं चौकोनी देऊळ, जुन्या गुरांच्या बाजाराच्या जागेवर. दोन्ही ख्रिस्तपूर्व काळातली. मग मार्सेलसचं थिएटर. लोक त्याला छोटं कोलोसियम समजतात, पण ते कोलोसियमपेक्षा सुमारे ९० वर्षांनी जुनं आहे, आणि त्याच्या वरच्या भागात आजही घरं आहेत.

पुढे व्हिया देई फोरी इम्पेरियाली, म्हणजे कोलोसियमकडे जाणारा तो रुंद सरळ रस्ता. तो मुसोलिनीच्या राजवटीत १९३२ मध्ये खुला झाला. कोलोसियमच्या बाजूच्या टप्प्यात २०१३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे. सेगवेवर हा सगळ्यांत सोपा रस्ता, कारण चढउतार जवळजवळ नाहीच. पण तो का नाही, ते गाईडला विचारा. इथे वेलिया नावाची टेकडी होती. हा रस्ता सरळ नेण्यासाठी ती कापली, तिथली वस्ती पाडली. कोलोसियमकडे जाताना डाव्या हाताला उंच भिंत दिसते, ती त्या कापलेल्या टेकडीची. रोममध्ये असं याआधीही घडलं होतं. याच रस्त्याच्या सुरुवातीला इ. स. ११३ मधला सम्राट ट्राजनचा स्तंभ आहे, चौथऱ्यासकट सुमारे ३५ मीटर. इथली जमीन किती उंचीपर्यंत खोदून काढली ते कळावं म्हणून तो उभारला, असं त्याच्या पायथ्याच्या शिलालेखात म्हटलं आहे. आणि कोलोसियम? सम्राट नीरोच्या राजवाड्यातलं कृत्रिम तळं जिथे होतं, त्याच सखल जागी पुढचा सम्राट व्हेस्पेशियनने ते बांधायला घेतलं आणि त्याचा मुलगा टायटसने इ. स. ८० मध्ये खुलं केलं. सकाळभर टेकड्यांवरून चढून उतरून आल्यावर हे ऐकलं की लगेच पटतं. नुसतं वाचून ते इतकं पोचत नाही. (या बाजूने सकाळी कोलोसियमचे फोटो उलट्या उजेडात येतात, ते दुसऱ्या दिवशी दुपारी काढा.)

त्रेवी कारंज्यापाशी नेणारी टूर असेल तर तिथे उतरून यंत्र हाताने ढकला किंवा लांबच थांबा. आपण उंचावर असतो, यंत्र जड असतं, आणि समोर लहान मुलं असतात. प्रागने २०१६ मध्ये जुन्या शहरात सेगवेवर बंदी घातली ती पायी चालणाऱ्यांना होणाऱ्या त्रासामुळेच. चालणाऱ्याचा हक्क पहिला, हे मी मनापासून मानते.

बुकिंगआधी विचारा: एका गाईडमागे किती जण (सहा-सातच्या वर नको), मागे दुसरा माणूस असतो का, कानात लावायचं यंत्र देतात का. ते नसेल तर चालत्या रांगेत गाईडचा शब्दही ऐकू येत नाही. सरावाचा वेळ टूरच्या वेळेतच धरला आहे का, हेही. मूळ सेगवेचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळे तुम्हाला मिळणारं यंत्र जुनं असू शकतं. देखभाल आणि बॅटरीबद्दल विचारायला काहीच हरकत नाही. प्रवास विम्यात असल्या वाहनावरचा अपघात धरलाय का ते घरूनच वाचून निघा.

पायात बंद, सपाट बूट. ओढणी किंवा स्कार्फ गाठ मारून. हँडलला पिशवी अडकवायची नाही, तोल बिघडतो. छोटी सॅक पाठीवर चालेल. पाण्याची रिकामी बाटली पुरे, शहरभर सुमारे अडीच हजार छोटे ओतीव लोखंडी नळ आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं आहे.

त्याच दिवशी दुपारी कोलोसियमचं आतलं तिकीट मात्र काढू नका. पाय भरलेले असतात आणि आत पायऱ्या खूप आहेत. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि ओळखपत्र बघतात, तेव्हा पुढच्या सकाळचं काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.