हॉलोकॉस्टच्या शिक्षणासाठी महिन्याला हजार रुपये द्यायचे आहेत, कुठे द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की महिन्याला हजार रुपये बाजूला काढता, हॉलोकॉस्टबद्दल, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल, मुलांना शिकवणाऱ्या कुणाला तरी ते द्यायचेत आणि घरचे विचारतात, ‘आपला काय संबंध?’ मी नऊ वर्षं बर्लिनमध्ये राहते, इथे थोडेफार पैसे दिलेत, त्यावरून सांगते.

संबंधाचं आधी. पुण्यात कॉलेजला असताना फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र ‘श्रीमंत कसे व्हाल’ छापाच्या पुस्तकांशेजारी रचलेलं दिसायचं. त्याच्या राजवटीने साठ लाख ज्यूंना मारलं हे मला माहीत होतं. त्यांतल्या एकाचं तरी नाव, गाव, धंदा सांग म्हटलं असतं, तर मी गप्प बसले असते. म्हणून मला वाटतं, मुलांना एक तरी माणूस नीट कळेल अशा कामाला पैसे द्यावेत.

मी पहिल्यांदा दिले ते ‘श्टॉल्परश्टाइन’साठी, म्हणजे अडखळायला लावणारा दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं. नाझींनी मारलेलं किंवा छळलेलं माणूस शेवटी आपल्या मर्जीने जिथे राहत होतं, त्या घरासमोरच्या फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचा ठोकळा बसवतात. वर पितळी पत्रा, त्यावर हातोडीने ठोकून काढलेली अक्षरं: इथे राहत होती, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. २०२३ पर्यंत असे एक लाख दगड बसले. एका दगडाला बरीच वर्षं १२० युरो पडायचे. आमच्या इमारतीत पूर्वी राहणाऱ्या एका ज्यू बाईंच्या दगडासाठी इथल्या पाच घरांनी मिळून ते भरले.

पण खरं शिक्षण दगड बसायच्या आधीच झालं. जवळच्या शाळेतली नववीची मुलं पॉट्सडामच्या अभिलेखागारात गेली. बर्लिनच्या ज्यूंना छावण्यांकडे नेण्याआधी १६ पानी फॉर्म भरायला लावत, घरात काय काय आहे त्याचा. मुलांनी त्या बाईंच्या फॉर्मची प्रत आणली. खुर्च्या, पडदे, उशांचे अभ्रे, इस्त्री, प्रत्येकापुढे आकडा. दगड बसवताना एक मुलगा ती यादी वाचत होता. इस्त्रीपाशी थांबला आणि वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत राहिला. मुलांची तिकिटं, प्रतींचा खर्च, बरोबर आलेल्या ताईंचं मानधन, हे सगळं देणग्यांतून आलं होतं.

म्युनिकमध्ये मात्र महापालिका आपल्या रस्त्यांवर हे दगड बसवू देत नाही. नावं पायदळी जातात, हा तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख यांचा आक्षेप. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे तो मला आतून कळतो. दर ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये ज्या रात्री ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली, तिच्या स्मरणदिनी, मी गुडघे टेकून आमचा दगड पितांबरीने घासते, समई घासावी तसा.

ऑशविट्झ ही पोलंडमधली नाझींची छळछावणी, आता स्मारक; तिच्या फाउंडेशनचे पैसे तिथल्या बराकी आणि वस्तू टिकवण्यात जातात. आठ हजार लहान मुलांचे बूट जतन करायचं काम देणग्यांवरच उभं राहिलं. तेही हवंच. पण त्या निधीत सरकारांनी मोठ्या रकमा घातल्यात, एकट्या जर्मनीने सुरुवातीला ६ कोटी युरो. तुमचे बारा हजार एखाद्या लहान स्मारकाच्या ‘फ्योर्डरफराइन’ला, म्हणजे मित्रमंडळाला, जास्त उपयोगी पडतील. शाळेच्या वर्गाला स्मारकापर्यंत आणायचा खर्च अशी मंडळं उचलतात.

भारतातून अशी देणगी रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेखाली पाठवता येते. परदेशी संस्थेला दिली की प्राप्तिकरातली ८०जीची सवलत मिळत नाही, हे धरून चाला. दर महिन्याला पाठवलंत तर बँकेचं शुल्कच बरंच खाईल, वर्षाचे एकदम पाठवा.

मधल्या महिन्यांत जर्मनीतल्या आरोल्सन अभिलेखागाराचं काम घरबसल्या करता येईल. नाझींनी छळलेल्या पावणेदोन कोटी माणसांची माहिती त्यांच्याकडे आहे. छळछावण्यांची जुनी कार्डं स्क्रीनवर येतात, त्यावरचं नाव आणि जन्मतारीख वाचून टाइप करायची. मी रविवारी सकाळी दहा कार्डं करते. ‘आपला काय संबंध’ विचारणाऱ्यांपैकी कुणाला तरी एकदा शेजारी बसवा आणि एक कार्ड त्यांना मोठ्याने वाचायला सांगा.