कॉम्प्युटर इंजिनीअरिंगनंतर पहिली नोकरी कोणती धरावी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: घर लातूरला, 2025 ला बीई कॉम्प्युटर झालास. एका मोठ्या सर्व्हिस कंपनीचं वर्षाला साडेतीन लाखांचं ऑफर लेटर आहे, पण सात महिने झाले तरी जॉइनिंगची तारीख नाही. पुण्यात बाणेरची एक पंधरा जणांची कंपनी महिना वीस हजारांवर लगेच घ्यायला तयार आहे, मात्र दोन वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल मार्कशीट मागतेय. वडील म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे. आणि एक क्लासवाला 85 हजारांत डेटा सायन्स शिकवून शंभर टक्के प्लेसमेंट देतो म्हणतोय.

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

क्लासवाल्याचं आधी उरकू. ही गॅरंटी त्याच्याकडे लेखी माग, बहुतेक वेळा कागदावर 'प्लेसमेंट असिस्टन्स' एवढंच उरतं. काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन तीन वर्षांचा खोटा अनुभव विकतात. त्या वाटेला चुकूनही जाऊ नकोस. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे पीएफ खात्याच्या कायम नंबरवर, तू कुठे, कोणत्या तारखेपासून कामाला होतास ते सगळं दिसतं, आणि पडताळणीवाले आधी तेच उघडतात. नोकरी लागल्यावर आठ महिन्यांनी घरी पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. पैसे घालून शिकायचंच असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा डिप्लोमा बघ. साधारण सहा महिन्यांचा कोर्स, वर्षातून दोनदा सी-कॅट ही प्रवेश परीक्षा, आणि कंपन्या खरोखर येतात. फी लाखाच्या आसपास जाते, पण त्या सहा महिन्यांत सकाळपासून रात्रीपर्यंत लॅबमध्ये कोड लिहावा लागतो. माझा रूममेट मेकॅनिकलचा. तो याच वाटेने आयटीत आला आणि आज माझ्यापेक्षा बरा कमावतो.

आता मुख्य गोष्ट. मोठी कंपनी की छोटी, जावा की पायथन, यावर तू रात्र-रात्र विचार करतोयस असं तुझ्या प्रश्नावरून वाटलं. मी त्याऐवजी एवढंच विचारेन: तिथे दिवसभर तुझ्यासमोर कोड उघडा असेल का, आणि तू लिहिलेलं कोणी तपासून परत देईल का?

माझंच सांगतो. 2015 ला मी पास झालो, कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीत लागलो. कराडला पेढे वाटले. हिंजवडीत गेल्यावर कळलं की डेव्हलपमेंट नाही, प्रॉडक्शन सपोर्ट मिळालाय, म्हणजे चालू सिस्टिम अडली की सांभाळायची. ब्रिटनमधली एक विमा कंपनी क्लायंट, माझी शिफ्ट रात्रीची. टिकिट (बिघाडाची तक्रार) आलं की रनबुक (काय करायचं ते लिहून ठेवलेली वही) उघडायचं, त्यात लिहिलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, चिकटवायची, टिकिट बंद करायचं. वाकडला कॉट बेसिसवर राहायचो, सकाळी कंपनीच्या बसमधून परतायचो तेव्हा समोरून सगळी हिंजवडी कामाला येत असायची.

1 मार्च 2016 ची पहाट. तिकडे मध्यरात्री बॅच (रोजची आपोआप चालणारी कामं) सुरू व्हायची तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असायचे. त्या दिवशी पॉलिसीचा जॉब पडला. रनबुकप्रमाणे दोनदा परत चालवला, दोनदा तिथेच पडला. लॉगमध्ये ओरॅकल डेटाबेसची एरर: ओआरए-01839, म्हणजे त्या महिन्यात अशी तारीखच नाही. नियमाप्रमाणे मी वरच्या टीमला फोन लावून मोकळं व्हायचं होतं. फोन लावला, कोणी उचलेना, म्हणून मी त्या जॉबची प्रोसिजर, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून वाचायला लागलो. कोणीतरी तारखेतलं वर्ष वेगळं काढून त्यात एक मिळवत होतं आणि जुना दिवस-महिना त्याला परत जोडत होतं. आदल्या दिवशी 29 फेब्रुवारीला निघालेल्या पॉलिसीची मुदत त्यामुळे 29 फेब्रुवारी 2017 ला संपत होती! मी टिकिटात ओळ नंबर लिहिला आणि 'इथे ॲड_मंथ्स वापरलं तर 28 तारीख येईल' असंही लिहिलं. ॲड_मंथ्स हे ओरॅकलचं तारखेत महिने मिळवणारं फंक्शन.

लीडने दुसऱ्या दिवशी सुनावलं, "तुझं काम टिकिट बंद करायचं, कोड वाचायचं नाही." पण ती प्रोसिजर ज्यांच्याकडे होती त्या मॅडमनी टिकिट वाचलं आणि मला छोटे-छोटे बदल करायला पाठवायला लागल्या. मी केलेलं त्या लाल करून परत पाठवायच्या. पहिल्या सहा ओळी चारदा परत आल्या. कॉलेजच्या चार वर्षांत माझा कोड असा कोणी वाचला नव्हता. व्हायवाला फाईल पूर्ण आहे का एवढंच बघायचे.

आता ही यशोगाथा समजू नकोस. त्या मॅडमच्या टीममध्ये जायला मला सपोर्टमधून रिलीज मिळेना. 2017 मध्ये बाहेर इंटरव्ह्यू दिला, तर पहिलाच प्रश्न आला की दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायची क्वेरी लिही. दोन वर्षं रोज क्वेरी चालवणारा माणूस मी, हात थिजला. दुसऱ्याने लिहिलेल्या क्वेऱ्या चिकटवत होतो ना! त्यानंतर सहा महिने ड्युटी संपल्यावर तासभर बसायचो, तेव्हा कुठे सुटलो.

त्यामुळे मोठ्या कंपनीची जॉइनिंग आली तर नाही म्हणू नकोस. ट्रेनिंग चांगलं असतं, आणि गावाकडे त्या नावाला वजन आहे हेही खरं. फक्त प्रोजेक्ट देताना सपोर्ट दिला तर दुसऱ्या आठवड्यापासून कोड बघायची परवानगी मागायला लाग. पगाराचाही हिशोब नीट समजून घे. साडेतीन लाख भागिले बारा म्हणजे एकोणतीस हजार होतात, पण त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) धरलेलं असतं. वर महिना दोनशे रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत तीनशे. हातात साधारण पंचवीस धर. म्हणजे बाणेरच्या वीसशी तुझा फरक वाटतो तेवढा मोठा नाही.

बाणेरच्या कंपनीला मात्र नोकरी घेण्याआधी प्रत्यक्ष जाऊन ये. मालकाला नको, तिथे वर्षभरापूर्वी लागलेल्या पोराला गाठ, खाली चहाच्या टपरीवर. त्याला विचार: मागच्या आठवड्यात काय केलंस? तुझा कोड कोण बघतं? तुझ्या आधीचा का सोडून गेला? "सर बघतात, पण वेळ नसतो" असं उत्तर आलं तर सावध हो. पंधराजणांत एखादा तरी दहा वर्षं घासलेला माणूस हवा. नाहीतर पंधरा फ्रेशर एकमेकांच्या चुका शिकतात. आता तर कोड एआय लिहून देतं. तो बरोबर आहे की नाही हे सांगणारा माणूस शेजारी नसेल तर तू दोन वर्षांनी माझ्यासारखाच चिकटवणारा होशील.

ओरिजिनल मार्कशीट कोणालाही देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, परत घरी आण. बॉण्ड सरसकट बेकायदा असतो असं मित्र सांगतील, ते चूक आहे. विजया बँकेच्या प्रकरणात 2025 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. पण ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च होता. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 म्हणतं की भरपाई रास्त असली पाहिजे. वीस हजार पगारावर पाच लाखांचा बॉण्ड रास्त कसा ठरेल? रक्कम किती लिहिली आहे ते तू सांगितलं नाहीस. बारा महिने आणि एक-दोन पगारांएवढी रक्कम, एवढ्यावर आण. नाहीच आले तर उठून ये आणि सी-कॅटचा फॉर्म भर.

वडिलांशी भांडू नकोस. राज्यसेवेत किती वर्षं जातील याचा नेम नाही, पण बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसची स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षा त्यांना दाखव. त्यात आयटी ऑफिसरची पदं असतात, तुझी डिग्री चालते आणि मेन्सला डेटाबेस, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम हेच विचारतात. नोकरी करता करता देता येईल अशी ही परीक्षा आहे.

मी तुझ्या जागी असतो तर मार्कशीटशिवाय आणि सुधारलेल्या बॉण्डवर बाणेरला लागलो असतो. टपरीवर काय कळलं ते आणि बॉण्डचा आकडा खाली लिही, मग नक्की काय ते बोलू.