जर्मनीत सगळ्यात कमी वयात खासदार कोण झालं? पुढे त्यांचं काय झालं?

आना ल्युरमान. २००२ मध्ये ग्रीन पक्षाकडून हेसन राज्यातून निवडून आल्या तेव्हा वय फक्त १९, नुकतीच शाळा संपलेली. आपल्याकडे लोकसभेला उभं राहायला २५ पूर्ण लागतात, तिकडे १८ पुरतात, आणि तिकडे एक मत उमेदवाराला नि दुसरं पक्षाच्या यादीला असतं, त्या यादीतून त्या आल्या.

पण मला खरं कौतुक पुढच्या भागाचं वाटतं. खासदारकी सांभाळत हागेनच्या दूरशिक्षण विद्यापीठातून डिग्री घेतली, आणि २००९ ला परत उभ्याच राहिल्या नाहीत! नवरा सुदानमध्ये जर्मनीचा राजदूत होता, तिकडे गेल्या, तिथेही शिकल्या, मग बर्लिनमधून पीएचडी, विषय संयुक्त राष्ट्रं देशोदेशी निवडणुकांना मदत करतात त्याचा. नंतर स्वीडनमध्ये गोथेनबर्गला व्ही-डेम संस्थेत, म्हणजे कुठल्या देशात लोकशाही किती टिकून आहे हे मोजणारे लोक. २०२१ ला पुन्हा खासदार, लगेच परराष्ट्र खात्यात युरोपचं राज्यमंत्रीपद, ते २०२५ पर्यंत. तरुणांनी राजकारणात यावं असं सगळे म्हणतात, पण मधे बाहेर पडून शिकून परत येता येतं हे फार कमी लोक करून दाखवतात.