लिनक्समध्ये डिस्क माउंट (एखाद्या डिरेक्टरीला जोडलेली) आहे की नाही, हे स्क्रिप्टमध्ये खात्रीने कसं तपासावं?

तुमची स्क्रिप्ट /इटीसी/एमटॅब या माउंटच्या यादीत '/बॅकअप' ग्रेप करते (म्हणजे हा मजकूर शोधते), आणि तरीही कधीकधी डिस्क नसताना सगळा बॅकअप रूट पार्टिशनवर (सिस्टिमच्या मुख्य पार्टिशनवर) जातो, असं तुम्ही लिहिलंय. पहिला संशय ग्रेपवरच घ्या: '/बॅकअप२' किंवा '/एमएनटी/बॅकअप' माउंट असलं तरी तो 'सापडलं' म्हणणार. उलट पाथमध्ये स्पेस असेल तर एमटॅबमध्ये स्पेसच्या जागी \०४० लिहिलेलं असतं, म्हणून माउंट असूनही सापडत नाही.

एमटॅब पूर्वी साधी फाइल होती आणि तिच्यात नोंदी करायचं काम माउंट-अमाउंट या कमांडचं होतं, कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) नव्हे. मशीन मध्येच बंद पडलं, रूट पार्टिशन रीड-ओन्ली असलं किंवा एखाद्या प्रोग्रामने या कमांड टाळून थेट कर्नलला सिस्टिम कॉल केला, की फाइल खोटी पडायची. आता बहुतेक ठिकाणी ती /प्रॉक/सेल्फ/माउंट्सकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) असते. एलएस -एल करून एकदा बघून घ्या.

खरी माहिती /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फोमध्ये मिळते. लिनक्स २.६.२६ पासून ती आहे आणि वाचाल तेव्हा कर्नल ती तयार करून देतो. प्रत्येक ओळीत माउंटचा आयडी आणि त्याच्या पालक माउंटचा आयडी असतो, त्यामुळे एकाच डिरेक्टरीवर दोन माउंट चढले असले तरी वरचं कुठलं ते कळतं. यातला 'सेल्फ' (म्हणजे फाइल वाचणारी प्रोसेस स्वतः) विसरू नका. सिस्टिमडीची (सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस किंवा कंटेनर वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (माउंटच्या स्वतंत्र यादीत) चालत असेल, तर तिला दिसणारी यादी तुमच्या टर्मिनलपेक्षा वेगळी असू शकते. अशा वेळी त्या प्रोसेसच्या पीआयडीखालचं (क्रमांकाखालचं) माउंटइन्फो वाचा.

स्क्रिप्टमध्ये ही फाइल स्वतः फोडत बसू नका, माउंट शोधणारी फाइंडएमएनटी कमांड वापरा; ती फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (तिचा वेगळा ओळख क्रमांक) देते:

फाइंडएमएनटी -एन -ओ यूयूआयडी -एम /बॅकअप

यातला एम कॅपिटल आहे; /बॅकअप स्वतः माउंट असेल तरच तो उत्तर देतो. त्याजागी कॅपिटल टी दिलात तर तो पाथ ज्या फाइलसिस्टिमवर आहे ती मिळते, म्हणजे डिस्क नसताना रूट पार्टिशनचा यूयूआयडी हाती येतो! आलेला यूयूआयडी अपेक्षित यूयूआयडीशी ताडून बघा; नुसतं 'काहीतरी माउंट आहे' एवढं पुरेसं नाही. डिस्क उपटल्यावरही नोंद शिल्लक राहू शकते, म्हणून शेवटी एक छोटी फाइल लिहून सिंक करा (म्हणजे ती खरोखर डिस्कवर उतरवा) आणि एरर तपासा.

तपासणी आणि लिहिणं यांच्यामध्ये अमाउंट झालं तर? डिस्क माउंट नसताना रिकाम्या /बॅकअप डिरेक्टरीवर चॅटर +आय (बदल रोखणारी खूण) लावून ठेवा. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर त्यानंतरही माउंट नेहमीसारखं होतं, पण डिस्क नसेल तर रूट यूजरलाही तिथे नवी फाइल तयार करता येत नाही.