वेळापत्रक रात्रभर चालूनही जुळत नाही

प्रश्न : मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत शिकवते. वेळापत्रकाचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक मांडणी तयार करून ती तपासणारा प्रोग्रॅम लिहिला, पण तो रात्रभर चालूनही सकाळी हाती काही नव्हतं. जास्त ताकदीचा संगणक घ्यावा का?

उत्तर : बाई, संगणक राहू द्या, पद्धत बदला. माझी आई नारायण पेठेतल्या शाळेचं वेळापत्रक करायची. मे महिन्यात आमच्या घरी जमिनीवर चौकटींचा मोठा कागद पसरलेला असे. अख्खा कागद भरून मग चुका शोधणं तिला मान्यच नव्हतं. एक तास पेन्सिलीने लिहिला, की त्यामुळे बाद झालेल्या चौकटींवर ती लगेच काट मारी.

चार तासांची सकाळ घ्या. मराठी, गणित आणि विज्ञानाचा जोडतास बसवायचाय. डोळे मिटून मांडलं तर 4 × 4 × 3, म्हणजे 48 मांडण्या. मराठीच्या बाई पहिले दोनच तास मोकळ्या आहेत आणि गणित मराठीच्या आधी हवं. मग मराठी पहिल्या तासाला चालणारच नाही, ती दुसऱ्याला गेली. गणित पहिल्याला. जोडतासाला तिसरा-चौथा उरला. एकदाही अंदाज करावा लागला नाही!

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अट स्वतंत्रपणे काम करते, पण उरलेले पर्याय लिहिलेला फळा सगळ्यांचा एकच. अट फळा वाचते, अशक्य पर्याय खोडते आणि थांबते. दुसऱ्या कुणी काही खोडलं की पुन्हा जागी होते. खोडलेलं परत लिहिलं जात नाही, म्हणून आधी कोण जागं झालं याने निकाल बदलत नाही. 'सांगणं' (फळ्यावरचं खोडणं) आणि 'विचारणं' (फळा वाचणं) या दोन क्रियांवर उभी असलेली ही रचना विजय सरस्वत यांनी 1989 च्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. पुढे ओझ ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याच वाटेने गेली.

खोडाखोड थांबूनही पर्याय उरले, तरच अंदाज करायचा. एका फाट्यावर 'हा तास इथे', दुसऱ्यावर 'इथे नाही', आणि दोन्हीकडे पुन्हा खोडाखोड. सुरुवात कुणापासून? आई म्हणायची, "ज्याला जागा कमी, त्याला आधी बसव." संगणकालाही तेच सांगा.

आणि पहिल्याच खोडाखोडीत एखाद्या शिक्षकाचे सगळे तास खोडले गेले, तर या अटींत वेळापत्रक बसतच नाही. अटींची यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. कुठली अट सोडायची ते त्यांनीच ठरवायला हवं.